माझं कसलं आलंय बीपी!

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारच्या भिंतीवर कालनिर्णय टांगलेलं असतं. तुमच्याकडेही असेलच. दुधाचा खाडा, सिलिंडर कधी लावला, कामवाल्या मावशींनी उचल कधी घेतली, भिशी कुणाकडे आहे, सगळा संसार त्या चौकोनांत मावतो. आमच्याकडे त्यात आणखी एक नोंद असायची. महिन्याच्या पहिल्या सोमवारी पेन्सिलीनं लिहिलेला आकडा. १५०/९०. १४४/८६. हे आमच्या सासऱ्यांचं, म्हणजे अण्णांचं बीपी. लिहिणाऱ्या माझ्या मोठ्या जाऊबाई. मी त्यांना वहिनी म्हणते.

वहिनी अण्णांना रिक्षानं दवाखान्यात न्यायच्या, नंबर लावायच्या, आकडा पाठ करून यायच्या आणि घरी आल्यावर चपला काढायच्या आधी कॅलेंडरवर लिहायच्या. सकाळची गोळी चहाच्या आधी, रात्रीची जेवणानंतर. अण्णांनी लोणच्याकडे हात नेला की बरणी उचलून आत. नऊ वर्षं हे चाललं. या नऊ वर्षांत डॉक्टरांचा तो पट्टा वहिनींच्या दंडाला एकदाही लागला नाही. त्या शेजारच्या स्टुलावरच बसलेल्या असायच्या, हातात पिशवी घेऊन! डॉक्टरांना सुचलं नाही, आम्हाला सुचलं नाही आणि वहिनींना तर मुळीच नाही. मी एकदा सहज म्हटलं होतं, "वहिनी, तुमचंही बघून घ्या की." तर हसल्या. म्हणाल्या, "माझं कसलं आलंय बीपी! मला काय धाड भरलीय?"

२०१६च्या श्रावणात एका पहाटे नळाला पाणी आलं म्हणून त्या उठल्या. कळशी हातातून सुटली. उजवा हात लोंबकळत होता, तोंड एका बाजूला गेलं होतं आणि बोलायला जात होत्या ते नुसतंच पुटपुटल्यासारखं येत होतं. आम्ही काय करावं? पित्त झालं असेल म्हणून लिंबूपाणी पाजायला गेलो, तळपायाला तेल चोळलं. कुणीतरी म्हणालं, अमक्या गावात लकव्याचं औषध देतात. या सगळ्यात चार तास गेले. दवाखान्यात पोचलो तेव्हा वरचा आकडा २१० होता आणि खालचा १२०. मेंदूत रक्तस्राव झाला होता. वहिनींचं वय तेव्हा ५१.

आता लिहिताना लाज वाटते, पण त्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात आम्ही सगळे काय बोलत होतो? "टेन्शन फार घ्यायची." "सगळं मनाला लावून घ्यायची." "बोलायची नाही, आत साठवायची." म्हणजे झालेल्या आजाराचं खापरही वहिनींच्या स्वभावावर!

मैत्रिणींनो, मला आज याच गोष्टीबद्दल बोलायचं आहे. पुरुषाचं बीपी हा आजार असतो आणि बाईचं बीपी हा स्वभाव असतो, असं आपल्या घरांमध्ये धरून चालतात. आजाराला डॉक्टर असतो, गोळी असते, पथ्य असतं. स्वभावाला काय असतं? उपदेश! "शांत राहा गं." "कशाला एवढं डोक्यात घेतेस?" जरा आवाज चढला की घरातली पोरंसुद्धा म्हणतात, "आईचं बीपी वाढलं." हसणं होतं, विषय संपतो. खरंच किती वाढलंय ते मात्र कुणी मोजत नाही.

रागावलं, घाबरलं, जिना चढला की रक्तदाब तात्पुरता वाढतो, हे खरंच आहे. पण तो परत उतरतो. जो उतरत नाही, शांत बसल्यावरही वरच राहतो, तो हा आजार. त्याला तापट बाई लागत नाही. आमच्या ओळखीतली सर्वांत थंड डोक्याची, कुणाला अरे म्हणून न बोललेली मावशी वीस वर्षं याच्या गोळ्या घेते आहे. रक्तवाहिन्या वयानं ताठर होतात, आईवडिलांकडून कल येतो, वजन, मीठ, तंबाखू, बसून राहणं, अपुरी झोप हे सगळं भर घालतं. मनावरचा ताण हे त्यातलं एक कारण असेल, पण त्याच्या एकट्याच्या नावावर सगळं ढकलून मोकळं होता येत नाही.

दोन आकड्यांचा अर्थ सोपा आहे. हृदय आकुंचन पावून रक्त पुढे ढकलतं तेव्हा वाहिन्यांच्या भिंतींवर पडणारा दाब म्हणजे वरचा आकडा. दोन ठोक्यांच्या मधे हृदय सैल पडतं तेव्हाचा दाब म्हणजे खालचा. १२०/८० च्या आत असेल तर उत्तम. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी मोजून वरचा १४० किंवा खालचा ९० किंवा त्याहून जास्त येत राहिला, तर तो उच्च रक्तदाब. दोन्ही वाढलेले असायला हवेत असं नाही, एक पुरतो. आणि एकदाच जास्त आला म्हणून लगेच घाबरायचंही नाही. दवाखान्याच्या वासानंही काहींचा आकडा चढतो. पुन्हा मोजायचं.

"पण मला काहीच त्रास होत नाही," हे तर प्रत्येकीचं उत्तर. अहो, त्रास होत नाही हेच तर याचं दुखणं आहे! बहुतेकींना ना डोकं दुखतं, ना चक्कर येते. आपल्या नगरपालिकेच्या नळाचं उदाहरण घ्या. पाणी जोरात आलं तर आपण खूशच होतो. पण तोच जोर वर्षानुवर्षं राहिला तर पाइपचे सांधे आतून झिजतात आणि एके दिवशी अंगणात कारंजं उडतं. शरीरात ते सांधे म्हणजे मेंदूच्या, मूत्रपिंडाच्या, डोळ्यांच्या पडद्याच्या बारीक वाहिन्या. आणि सतत जास्त दाबाविरुद्ध पंप मारून हृदयाचा स्नायू जाड होतो, मग थकतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली सांगितलं होतं की जगात ३० ते ७९ वयाच्या सुमारे १२८ कोटी लोकांना उच्च रक्तदाब आहे आणि त्यातल्या ४६ टक्के लोकांना ते माहीतच नाही. आपल्याकडे २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ वर्षांवरच्या २१ टक्के स्त्रियांचं आणि २४ टक्के पुरुषांचं बीपी वाढलेलं होतं किंवा ते त्याच्या गोळ्या घेत होते. पाहा, किती थोडा फरक! हा काही पुरुषांचाच आजार नाही.

आमच्या आजीच्या वेळचे डॉक्टर म्हणायचे, वय अधिक शंभर एवढं बीपी चालतं. म्हणजे सत्तरीला एकशे सत्तर! आजही हे सांगणाऱ्या आज्या आहेत. ही समजूत किती महागात पडते ते अमेरिकेच्या अध्यक्षांनाही चुकलं नाही. फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा रक्तदाब मार्च १९४४ मध्ये १८६/१०८ होता. त्यांचे खासगी डॉक्टर मात्र वयाच्या मानानं सगळं ठीक आहे असंच सांगत राहिले. १२ एप्रिल १९४५ ला मेंदूतल्या रक्तस्रावानं ते गेले, वय ६३. अर्थात त्या काळी द्यायला धड औषधही नव्हतं. पुढे जी पहिली काही औषधं आली त्यातलं एक आपल्या मातीतलं, सर्पगंधा. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली रुग्णांवरचे त्याचे अनुभव इंग्लंडच्या हृदयरोगाच्या मासिकात छापले आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. १९५७ साली त्यांना त्यासाठी अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. ऐकून बरं वाटतं ना? पण त्या औषधानं काहींना खूप उदास वाटायचं, म्हणून चांगले पर्याय आल्यावर ते मागे पडलं. तेव्हा "झाडपाल्याचंच आहे, काय होतंय" म्हणून कुणी पुडी दिली तर घेऊ नका. झाडपाल्यातही औषध असतं, म्हणजेच अपायही असतो.

बाईच्या बाबतीत काही गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्या कुणी नीट सांगत नाही. गरोदरपणात, साधारण पाचव्या महिन्यानंतर, कुणाकुणाचं बीपी चढतं. लघवीत प्रथिनं जातात, चेहरा-हात सुजतात, डोकं ठणकतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, वेळेत उपचार नाही झाले तर झटके येतात. सूज आली की आपल्याकडे "मुलगा होणार" नाहीतर "मुलगी होणार" असली भाकितं चालतात, तिथे आधी बीपी मोजायला हवं. बाळंतपण झालं, आकडा उतरला, की सगळे विसरतात. पण जिला गरोदरपणी हा त्रास झाला तिला पुढे आयुष्यात उच्च रक्तदाबाचा आणि हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. तिनं दर वर्षी मोजायलाच हवं. वहिनींना धाकट्या मुलाच्या वेळी झालं होतं म्हणे, हे त्यांच्या आईनं आम्हाला दवाखान्यात सांगितलं. पंचवीस वर्षांनी!

पाळी जायच्या सुमाराला पुन्हा आकडा वर सरकायला लागतो. तेव्हा अंगातून वाफा येतात, झोप उडते, छातीत धडधडतं आणि सगळं "त्या वयाचं आहे" या एका वाक्यात गुंडाळलं जातं. त्याच सुमाराला गुडघे बोलू लागतात. मग मेडिकलमधून न विचारता आणलेली दुखण्यावरची गोळी, रोज एक. यातल्या बऱ्याच गोळ्यांनी रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंडांवर भार पडतो. गर्भनिरोधक गोळ्यांनीही काहींचं बीपी वाढतं, म्हणून त्या सुरू करण्याआधी मोजायचं असतं. आणि मिश्री! सकाळी दात घासायला म्हणून बोटभर मिश्री लावणाऱ्या बायकांना कुणी विचारलं, "तंबाखू खाता का?" तर त्या ठामपणे नाही म्हणतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती लावली की थोड्या वेळासाठी बीपी चढतं.

आता गोळीबद्दल. आकडा खाली आला की बंद करायची, हा आपला लाडका समज. "आता नॉर्मल आहे माझं." अगं, ते गोळीमुळे नॉर्मल आहे! चष्मा लावून नीट दिसायला लागलं म्हणून कुणी चष्मा काढून ठेवतं का? वजन उतरलं, मीठ कमी झालं, चालणं वाढलं तर गोळी कमी होऊ शकते, पण ते डॉक्टर ठरवतील. गोळीनं पाय सुजतात, कोरडा खोकला लागतो, अशा तक्रारी काही औषधांनी खरोखर येतात. त्यावर उपाय म्हणजे डॉक्टरांना सांगून गोळी बदलून घेणं. डबीत तशीच ठेवून देणं नव्हे. शेजारणीला लागू पडलेली गोळीही चालत नाही. विशेषतः दिवस राहण्याची शक्यता असेल तर आधी सांगायला हवं, कारण काही गोळ्या पोटातल्या बाळाला घातक असतात.

उपवासाच्या दिवशी गोळी न घेणाऱ्या तर घरोघरी आहेत. चतुर्थी, सोमवार, एकादशी धरल्या तर महिन्यातले आठ दिवस गोळी नाही! साबुदाण्याची खिचडी चालते, वेफर्स चालतात, आणि घोटभर पाण्याबरोबर गोळी चालत नाही? हरतालिकेचा निर्जळी उपवास असेल तर मात्र आधी विचारून घ्या, कारण काही गोळ्यांनी लघवी जास्त होते आणि वर पाणीही नाही म्हटलं तर चक्कर येऊन पडायची वेळ येते.

आणखी एक, बोलायला कडू वाटतं. महिनाअखेरीला पैसे कमी पडले की घरात कुणाच्या गोळ्या थांबतात? नवऱ्याच्या? सासूबाईंच्या? मुलाचं टॉनिक? आमच्या मेडिकलवाल्यानं मला एकदा सांगितलं, बायका यजमानांची पूर्ण पट्टी नेतात आणि स्वतःची पाच गोळ्यांची तोडून मागतात. मला वाटतं, हा काटकसरीचा प्रकार नाही. सिलिंडर आपण अर्धा भरून आणतो का? आईची गोळी किराण्याच्या यादीत, चहापत्तीच्या वर लिहिली पाहिजे. सरकारी दवाखान्यात तर या गोळ्या फुकट मिळतात. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा देशपातळीवरचा उपक्रम नोव्हेंबर २०१७ मध्ये पाच राज्यांतल्या २५ जिल्ह्यांत सुरू झाला, त्यात महाराष्ट्रातून आमचा सातारा होता, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धाही होते. वहिनींनंतर वर्षभरानं. आता तर तिशीच्या वरच्या सगळ्यांची माहिती घ्यायला आशाताई दारात येतात. आपण काय म्हणतो? "माझं राहू दे, ह्यांचं बघा आधी."

मीठ हा आपल्या हातातला विषय, म्हणून जरा सविस्तर. जागतिक आरोग्य संघटना सांगते, माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चहाच्या चमच्याहूनही थोडं कमी. आता हे मोजायचं कसं? मी एक गंमत केली. आमच्या घरात सहा माणसं, म्हणजे दिवसाला ३० ग्रॅम. किलोची पिशवी तेहतीस दिवस पुरायला हवी. फोडलेल्या पिशवीवर तारीख लिहून ठेवली. एकोणिसाव्या दिवशी पिशवी रिकामी! शिवाय लोणच्याचं खडेमीठ वेगळं, पापडातला पापडखार वेगळा, सांडगी मिरची, फरसाण, बिस्किटं, बेकरीची खारी वेगळी. तुम्हीही एकदा करून बघा. चौघांच्या घरात पिशवी पन्नास दिवस जायला हवी.

सैंधवानं सुटका नाही, तेही मुख्यतः तेच मीठ, फक्त गुलाबी. बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं, पण त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी किंवा काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांनी ते विचारल्याशिवाय घेऊ नये. मी एकदम आळणी करायला गेले तर पहिल्या दिवशी ताटं तशीच राहिली. मग भाकरीच्या, कणकेच्या पिठातलं मीठ आधी बंद केलं, ते कुणाला कळलंही नाही. भातात तर नाहीच. भाजीला लिंबू, आमसूल, जिऱ्याची पूड, लसणीची फोडणी वाढवली. ताटातल्या डाव्या बाजूचं मीठ उचललं. त्यावरून दिरांनी कुरबूर केली, "ताट अपुरं दिसतं" म्हणून. दिसू दे!

मोजण्याबद्दल एक महत्त्वाचं सांगायचं राहिलं. घाईघाईनं ब्लाउजच्या बाहीवरून पट्टा बांधतात, किंवा तंग बाही वर गुंडाळतात, दोन्हींनी आकडा चुकतो. सैल बाहीचा ब्लाउज किंवा गाऊन घालून जा. आधी अर्धा तास चहा नाही, मिश्री नाही. लघवीला जाऊन या. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीला लावून, मांडी न घालता बसा, हात टेबलावर छातीच्या उंचीला. आणि बोलायचं नाही! हे शेवटचं आमच्या भिशीत फार जड गेलं.

हो, भिशीत. वहिनींच्या आजारानंतर आम्ही चौदा जणींनी एका महिन्याची वर्गणी वेगळी काढून दंडाला बांधायचं मशिन घेतलं. दीड-दोन हजारांत येतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दरवर्षी प्लॅस्टिकचे डबे लुटतो, त्या वर्षी आधी बीपी, मग वाण. चौदापैकी पाच जणींचं जास्त निघालं. त्या पाचांत एक मी. १५८/९६. मला काही त्रास नव्हता! दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले, आठवड्यानं पुन्हा गेले, गोळी सुरू झाली. घरी सांगितलं तर यजमान काय म्हणाले? "तू उगाच टेन्शन घेतेस." मी म्हटलं, "टेन्शन नाही, गोळी घेतेय. रोज सकाळी आठवण करायची तुम्ही."

आता करतात. कधी विसरतात, पण करतात.

वहिनी चालतात, काठी घेऊन. उजवा हात अजून कामाचा नाही, शब्द शोधावे लागतात, कधी कपाला "ते, ते" म्हणतात. अण्णा दोन वर्षांपूर्वी नव्वदीत गेले, बीपीनं नव्हे, म्हातारपणानं. सोमवारी सकाळी मशिन आम्ही दोघींच्या मधे ठेवतो. आधी त्यांचं, मग माझं. आकडे त्याच लिहितात, डाव्या हातानं, वेडेवाकडे, चौकोनाच्या बाहेर जाणारे. परवा माझा १४६ आला तर त्यांनी पेन्सिल खाली ठेवली, लोणच्याच्या बरणीकडे बोट दाखवलं आणि एकच शब्द नीट, स्पष्ट म्हणाल्या, "कोण?"

मीच होते. परवा रात्री, खिचडीबरोबर.